परमिट राज्याच्या वेशीपाशी संपतं

प्रश्न :
नमस्कार काका. मी मूळचा साताऱ्याकडचा, गेली सोळा वर्षं न्यू जर्सीत आहे. ऑफिसातल्या एका मित्रामुळे धनुष्याने शिकार करायला शिकलो आणि आठ सीझन पेनसिल्व्हेनियात, पोकोनोजच्या जंगलात कम्पाउंड बो, म्हणजे टोकांना चाकं असलेलं धनुष्य, घेऊन बसलो. चार हरणं मिळाली. तेव्हा घरच्या फ्रीजरमध्ये तेच मटण असायचं. तीन वर्षांपूर्वी हायवेवर अपघात झाला आणि उजव्या खांद्याच्या नसा गेल्या. दोन ऑपरेशनं झाली. कप धरता येतो, लिहिता येतं, पण हात मागे ओढला जात नाही. 60 पौंडांचा बो सोडाच, 20 पौंडही ओढवत नाही. मित्र म्हणतात क्रॉसबो घे, म्हणजे बंदुकीसारख्या दांड्यावर आडवं बसवलेलं, चाप दाबून सोडायचं धनुष्य. पुढच्या सप्टेंबरात ते एल्कसाठी, त्या मोठ्या हरणासाठी, कोलोरॅडोला निघालेत, त्याच्या पुढच्या वर्षी आयडाहो. एक जण म्हणतो, तुझ्या गाडीत दिव्यांगांचा पार्किंगचा बिल्ला आहे, तो दाखवला की काम झालं. दुसरा म्हणतो, क्रॉसबो म्हणजे बंदूकच, ती घेऊन तिरंदाजीच्या सीझनला येणं ही लबाडी. आई फोनवर म्हणते, "हात गेला तरी जीव मारायची हौस फिटली नाही का रे?" मला कुठे कुठलं परमिट लागेल? आणि खरं सांगा, हे सगळं सोडून द्यावं का?
— एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर :

सोडू नका. हे आधी सांगतो, कारण तुमच्या पत्रात परमिटचा प्रश्न पहिला असला तरी मला शेवटचा प्रश्नच मोठा वाटला. मी पेनसिल्व्हेनियात बरीच वर्षं हंटर एज्युकेशनच्या वर्गात स्वयंसेवक म्हणून शिकवतो. खांदा गेलेली, बोटं गेलेली, अर्धांगवायूतून उठलेली माणसं मी जंगलात परतलेली पाहिली आहेत. त्यांच्यातले जे परतले नाहीत, ते बहुतेक कागदपत्रांच्या कंटाळ्याने आणि मित्रांच्या टोमण्यांनी घरी बसले. हाताने कमीच जणांना अडवलं.

आता कागदपत्रांचं बघू. इथे वन्यप्राण्यांचा कारभार राज्यांकडे असतो, आणि प्रत्येक राज्य वर्षाचे तुकडे पाडून कुठल्या तुकड्यात कुठलं हत्यार चालेल ते ठरवतं. तिरंदाजीचा सीझन लवकर सुरू होतो आणि लांब चालतो. त्यात जनावर मिळण्याचं प्रमाण कमी, म्हणून राज्याला तो लांबवणं परवडतं. मग ठासणीच्या बंदुकीचा, मग रायफलचा. रायफलच्या सीझनमध्ये बहुतेक ठिकाणी क्रॉसबो कुणीही परमिटशिवाय नेऊ शकतो. तुम्ही ज्या परमिटबद्दल विचारताय ते असतं ती क्रॉसबो तिरंदाजीच्या सीझनमध्ये नेण्यासाठी. त्यामुळे "अमुक राज्यात क्रॉसबो चालते का" असं विचारलंत तर उत्तर "चालते" असंच येईल आणि तुम्ही फसाल. "तिरंदाजीच्या सीझनला चालते का, आणि मला चालते का" असं विचारा.

तुमच्या घराजवळची बातमी चांगली आहे. पेनसिल्व्हेनियात 2009 पासून तिरंदाजीच्या सीझनला क्रॉसबो सगळ्यांना खुली आहे आणि न्यू जर्सीनेही त्याच सुमारास ती खुली केली. म्हणजे पोकोनोजमध्ये जायला तुम्हाला कुठलंही वेगळं दिव्यांग परमिट लागत नाही. परराज्यातल्या माणसाचं नेहमीचं लायसन्स आणि त्यावर तिरंदाजीचं लायसन्स, जे तुम्ही आठ वर्षं काढत आलात, तेवढंच. तीन वर्षं तुम्ही घरी बसलात, त्यातला एकही ऑक्टोबर कागदासाठी वाया जायला नको होता, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पूर्वेकडे आणि मध्यभागात बहुतेक ठिकाणी हेच चित्र आहे. ओहायोने तर 1982 मध्येच राज्यभर क्रॉसबोला परवानगी दिली होती. मिशिगनने 2009 पासून दार उघडत नेलं. विस्कॉन्सिनने 2014 मध्ये क्रॉसबोचा वेगळा सीझनच काढला, व्हरमाँटने 2020 मध्ये वयाची अट काढून टाकली, मिनेसोटाने 2023 मध्ये तिरंदाजीचा सीझन खुला केला. यातली एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. यांपैकी कितीतरी राज्यांत आधी क्रॉसबो फक्त दिव्यांगांना, मग साठी-पासष्टीच्या म्हाताऱ्यांना आणि मग सगळ्यांना मिळाली. पहिल्यांदा अर्ज भरले, डॉक्टरांच्या दारात बसले, खात्याशी भांडले ते तुमच्यासारखे लोक. आज धडधाकट माणूस दुकानातून क्रॉसबो उचलतो आणि सरळ जंगलात जातो, त्यामागे ती माणसं आहेत.

जवळच्या दोन राज्यांत मात्र सावध राहा. मॅसॅच्युसेट्सने क्रॉसबोचं परमिट वर्षानुवर्षं फक्त कायमचं अपंगत्व असलेल्यांसाठीच ठेवलं. न्यू यॉर्कने 2014 मध्ये क्रॉसबो आणली, पण तिरंदाजीच्या सीझनचे शेवटचे काही दिवसच. दक्षिण विभागात ते 14 होते. दोन्हीकडे हे बदलण्यासाठी जोर लागलेला आहे, तेव्हा जायचं ठरलं तर त्याच वर्षीचं नियमपुस्तक उघडा. मित्राच्या गेल्या वर्षीच्या आठवणीवर जाऊ नका.

खरा प्रश्न पश्चिमेचा आहे, आणि तुम्ही नेमके तिकडेच निघालात.

कोलोरॅडोत तिरंदाजीचा सीझन सप्टेंबरभर असतो, आणि त्यात क्रॉसबोला बंदी आहे. रायफलच्या सीझनमध्ये ती चालते. धनुष्य ओढणं ज्याला शारीरिकदृष्ट्या जमत नाही त्याला कोलोरॅडो पार्क्स अँड वाइल्डलाइफ हे खातं वेगळी सवलत-परवानगी देतं. अर्जावर डॉक्टरांनी भरायचा भाग असतो. तुम्हाला हीच परवानगी काढायची आहे. पण तिच्याआधी लायसन्सचं बघा. कोलोरॅडोत तिरंदाजीचं एल्क लायसन्स परराज्यातल्या माणसाला पूर्वी बऱ्याच भागात दुकानात सरळ विकत मिळायचं. 2025 पासून पश्चिमेकडच्या एल्कच्या मुलखात ते बंद झालं आणि परराज्यातल्यांना सोडतीत उतरावं लागतं. सोडतीचे अर्ज एप्रिलच्या सुरुवातीला बंद होतात. मित्र सप्टेंबरची तिकिटं बघत असतील, तुम्ही मार्च डोळ्यापुढे ठेवा. आणि मित्रांबरोबर एकाच गटात अर्ज करायचा की वेगवेगळा, ते आत्ताच बोलून घ्या.

परवानगी हातात पडली की हत्याराचे नियम वाचा. कोलोरॅडोत क्रॉसबोचं ड्रॉ वेट, म्हणजे तार ओढायला लागणारा जोर, किमान 125 पौंड लागतं, बोल्ट (क्रॉसबोचा बाण) किमान 16 इंच लांब लागतो, आणि ब्रॉडहेडच्या, म्हणजे बाणाच्या धारदार टोकाच्या, रुंदीचाही नियम आहे. दुर्बीण, दिव्याचं रेटिकल (दुर्बिणीतली नेमाची खूण), असं काही लावलेलं असेल तर परवानगीच्या कागदावर त्याचा उल्लेख आहे का ते तपासा. कागदावर जे नाही ते मिळालं असं धरू नका. समजा परवानगी वेळेत आली नाही आणि तुम्ही ऑक्टोबरच्या रायफल सीझनला गेलात, तर तिथे क्रॉसबोवाल्यालाही भगवे किंवा गुलाबी कपडे बंधनकारक आहेत, 500 चौरस इंच आणि डोक्यावर त्याच रंगाची टोपी.

आयडाहो सोपं आहे. तिथे तिरंदाजीच्याच सीझनमध्ये क्रॉसबोला मनाई आहे, पण दिव्यांग तिरंदाजाचं परमिट निघतं. ते असलं की क्रॉसबो किंवा दोरी ओढलेल्या अवस्थेत अडकवून ठेवणारं उपकरण लावलेला बो, दोन्ही वापरता येतं. कॅलिफोर्नियात याला डिसेबल्ड आर्चर परमिट म्हणतात, आणि त्याची कसोटी मला फार नेमकी वाटते : धनुष्य ओढून नेम धरलेल्या स्थितीत ठेवता येत नाही, अशी शारीरिक अडचण. वॉशिंग्टनमध्येही दिव्यांग शिकाऱ्याला खास परमिटवर तिरंदाजीच्या सीझनला क्रॉसबो नेता येते.

मॉन्टाना वेगळं. तिथे तिरंदाजीचं साधन बदलण्याचं परमिट मिळतं, पण ते धनुष्य धरायला, ओढायला, सोडायला मदत करणाऱ्या उपकरणांपुरतं. क्रॉसबो त्यात बसवलेली नाही. तुमच्या मित्रांच्या तोंडी कधी मॉन्टाना आलं तर हे त्यांना आधीच सांगून टाका. आणि ओरेगॉनने क्रॉसबोला शिकारीतूनच बाहेर ठेवलं, कुठल्याही सीझनला. एवढा कडक नियम दुसऱ्या कुठल्या राज्याचा मला माहीत नाही.

आता तो पार्किंगचा बिल्ला. तुमचा मित्र चांगल्या मनाने बोलतोय, पण तो बिल्ला दाखवून गेम वॉर्डनसमोर, म्हणजे शिकारीचे नियम तपासणाऱ्या अधिकाऱ्यासमोर, उभे राहिलात तर दंड नक्की. बिल्ला सांगतो की तुम्हाला लांब चालता येत नाही. क्रॉसबोचं परमिट विचारतं की हाताने धनुष्य ओढता येतं का. काही राज्यांत उभ्या गाडीतून शिकार करण्याचं आणखी एक परमिट असतं, ते पायांसाठी. ही तिन्ही वेगवेगळ्या कपाटांतली कागदपत्रं आहेत आणि एक दुसऱ्याच्या जागी चालत नाही.

तसंच एका राज्याचं परमिट दुसऱ्या राज्यात चालत नाही. हंटर एज्युकेशनचं प्रमाणपत्र देशभर मानलं जातं, त्यामुळे लोकांना वाटतं हेही चालेल. नाही चालत. कोलोरॅडोची परवानगी कोलोरॅडोच्या वेशीपाशी संपते. आयडाहोसाठी नवा अर्ज, नवी सही. डॉक्टरांकडे एकदाच जायचं तर दोन्ही राज्यांचे फॉर्म एकदम न्या.

आणि डॉक्टरांबद्दल थोडं सविस्तर सांगतो, कारण बहुतेक अर्ज इथेच अडकतात. माझ्या वर्गात एक गृहस्थ होते. प्रेस मशीनमध्ये उजव्या हाताची तीन बोटं गेलेली. त्यांचा पहिला अर्ज एका राज्याने परत पाठवला. डॉक्टरांनी फॉर्मवर दुखापतीचं नाव लिहिलं होतं, ऑपरेशनची तारीख लिहिली होती आणि खाली सही. वाचणाऱ्याला कळणार कसं की माणसाला दोरी पकडता येत नाही? काहींना तीन बोटं नसूनही पकडता येते. दुसऱ्यांदा ते फिजिओथेरपिस्टकडे गेले, पकड किती, ओढ किती, ओढलेली किती सेकंद टिकते, हे मोजून घेतलं आणि डॉक्टरांनी तेच आकडे लिहिले. परमिट आलं.

तुम्हीही तसंच करा. निदान काय झालं हे एका ओळीत पुरे. त्यापुढे काय जमत नाही ते लिहून घ्या : उजवा हात खांद्याच्या पातळीवर किती मागे जातो, किती पौंड ओढतो, ओढून किती वेळ धरता येतं. डावा हात ओढायला वापरून पाहिला का, त्याचंही लिहा, कारण तपासणारा हाच प्रश्न विचारणार. तुमचा डावा हात शाबूत आहे. डाव्याने ओढून उजव्याने धनुष्य धरायचं तर उजवा हात 60 पौंडांच्या रेट्यापुढे ताठ ठेवावा लागतो. तुमच्या खांद्याला ते झेपतं की नाही हे स्वतःच ठरवू नका, फिजिओथेरपिस्टसमोर करून दाखवा आणि कागदावर घ्या. झेपत असेल तर प्रामाणिकपणे सांगतो, डावखुरा बो शिका, क्रॉसबोच्या परमिटची गरजच उरणार नाही. झेपत नसेल तर तीच ओळ तुमच्या अर्जातली सगळ्यात भक्कम ओळ ठरेल. अडचण कायमची आहे की तात्पुरती, हेही डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या. काही राज्यं फक्त कायमच्या अपंगत्वाला परमिट देतात.

अर्ज नाकारला गेला तर गप्प बसू नका. 1990 चा दिव्यांगांच्या हक्कांचा कायदा, ज्याला इथे सगळे एडीए म्हणतात, राज्य सरकारांच्या कार्यक्रमांना लागू आहे, आणि शिकारीची लायसन्सं हा राज्य सरकारचाच कार्यक्रम आहे. वाजवी बदल करून देणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. क्रॉसबोच द्या असा हट्ट त्यातून सिद्ध होईलच असं नाही, पण कारण लेखी मागायचा आणि फेरविचाराचा अर्ज करायचा हक्क तुमचा आहे.

हे सगळं इतकं काटेकोर का, तर मांस घेऊन तुम्ही घरी परतणार म्हणून. 1900 चा लेसी कायदा सांगतो की एका राज्याचा नियम मोडून मारलेलं जनावर दुसऱ्या राज्यात नेलं तर तो केंद्राचा गुन्हा होतो. परवानगीशिवाय क्रॉसबोने मारलेला एल्क न्यू जर्सीच्या फ्रीजरमध्ये पोचला तर प्रकरण कोलोरॅडोच्या दंडावर थांबत नाही. तुमचं इमिग्रेशनचं काही चालू असेल तर हे आणखी मनावर घ्या. शिवाय हरणांमधला तो मेंदू पोखरणारा रोग, सीडब्ल्यूडी, पहिल्यांदा कोलोरॅडोतच 1967 मध्ये दिसला. त्यामुळे डोकं, मेंदू, पाठीचा कणा दुसऱ्या राज्यात आणायला पेनसिल्व्हेनियासह अनेक राज्यांत बंदी आहे. वाटेतल्या राज्यांचेही नियम बघा आणि हाडं काढलेलं मांसच आणा.

आता लबाडीचा आरोप. तुमच्या मित्राच्या हातात कम्पाउंड बो असणार. दोन्ही टोकांना चाकं असलेलं हे धनुष्य मिसूरीच्या एका गृहस्थाने बनवलं, 1969 मध्ये त्याचं पेटंट मिळालं. जुने तिरंदाज तेव्हा म्हणायचे की हे धनुष्यच नव्हे. आजच्या कम्पाउंडमध्ये दोरी पूर्ण मागे आली की वजनाचा 80 टक्के भार चाकं उचलतात. 60 पौंडांच्या बोला तुमच्या बोटांवर 12 पौंडच राहतात. त्या मित्राने हे यंत्राचं साहाय्य आनंदाने घेतलं आहे, मग उरलेल्या ओढीसाठी तुम्ही घेतलं तर त्यात लबाडी कुठे आली? हां, धनुष्याने केलेल्या शिकारीचे विक्रम नोंदवणाऱ्या पोप अँड यंग क्लबच्या वहीत क्रॉसबोने मारलेलं जनावर घेत नाहीत. ती त्यांची वही आहे. तुम्ही वहीसाठी जात नाही.

पण त्याच्या म्हणण्यातला एक भाग मी घेतो. क्रॉसबोला दुर्बीण असते, चाप असतो, आणि त्यामुळे लांबच्या नेमाचा मोह होतो. बोल्ट आखूड असतो, लांबवर जाता जाता जोर गमावतो, आणि तार सुटल्याचा आवाज ऐकून हरीण दचकून खाली बसतं. जखमी होऊन पळालेलं जनावर ही आपल्या कामातली सगळ्यात वाईट गोष्ट. मी विद्यार्थ्यांना 30 यार्डांच्या पुढे जाऊ देत नाही. तुम्हीही पहिला सीझन ती रेघ पाळा.

एका हाताच्या माणसासाठी क्रॉसबोतली अवघड गोष्ट म्हणजे ती चढवणं, तार मागे ओढून अडकवणं. दोरीचा कॉकर, म्हणजे तार ओढायची दोरी, वजन निम्मं करतो, पण 175 पौंडांच्या निम्मे म्हणजेही जवळपास 88, आणि दोन्ही हात सारखे ओढले नाहीत तर तार मधोमध बसत नाही, बोल्ट बाजूला जातो. तुम्हाला क्रँकवालीच घ्यावी लागेल. विहिरीवर रहाट फिरवून पोहरा वर आणतात तसं, हळूहळू, एका हाताने जमतं. महाग पडते, पण इथे पैसे वाचवू नका. चापावर डावा हात ठेवायचा की उजवा, ते दुकानात दोन्ही बाजूंनी धरून ठरवा. पुढच्या हाताचा अंगठा तारेच्या वाटेच्या खाली, नेहमी. तार बोटं तोडते. रिकामी तार कधी सोडू नका. संध्याकाळी चढवलेली क्रॉसबो उतरवायची तर जमिनीवरच्या टार्गेटमध्ये बोल्ट सोडून मोकळी करा.

झाडावर चढू नका. ट्री स्टँडची, म्हणजे झाडावरच्या मचाणाची, शिडी दोन्ही हात मागते. जमिनीवरचा ब्लाइंड, लपून बसायचा तंबू, घ्या, आत तिपाईवर क्रॉसबो टेकवा. आणि कोलोरॅडोला जायच्या आधी ऑक्टोबरचे दोन-तीन शनिवार पोकोनोजमध्ये काढा, जिथे परमिटची भानगड नाही. एल्क म्हणजे पाचशे-सातशे पौंडांचं जनावर, आणि ते नऊ-दहा हजार फुटांवर पडतं. मांस खाली कोण आणणार हे मित्रांशी आधी ठरवा, आणि ते उपकार म्हणून मागू नका; त्यांच्या वाटणीचं मांस तुम्ही मोकळ्या मनाने द्या.

राहिली आई. महाराष्ट्रात 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर वाढलेल्या पिढ्यांसाठी शिकार म्हणजे गुन्हा, आणि तिथे ते बरोबरच आहे. त्यांना इथली गोष्ट माहीत नाही. इथे हरणांना खाणारे लांडगे पूर्वेतून केव्हाच संपले, हरणं मोटारींवर आदळतात, आणि ती किती मारायची हे खातं मोजून ठरवतं. 1937 पासून शिकारीच्या बंदुका-काडतुसांवर आणि नंतर धनुष्यांवरही केंद्राचा कर बसतो, धनुष्यावर 11 टक्के, आणि तो पैसा राज्यांच्या वन्यजीव खात्यांकडे जातो. तुमच्या क्रॉसबोवरही तो लागेल. पण आईला हे आकडे सांगू नका. तुम्ही साताऱ्याकडचे आहात. तुमच्या आजोबांनी ज्वारीच्या राखणीला माळ्यावर बसून रात्र काढली असेल तर आईला ते आठवत असेल. त्यांना सांगा की तुम्ही तसंच बसता, पहाटे, थंडीत, बहुतेक वेळा रिकाम्या हाताने परत येता, आणि अपघातानंतर तीन वर्षं तिथे गेला नाहीत म्हणून झोप लागत नाही. आई हौसेबद्दल विचारत असल्या तरी त्यांना काळजी हाताची आहे, असं मला त्या एका वाक्यावरून वाटलं.

फिजिओथेरपिस्टची वेळ याच आठवड्यात घ्या. कोलोरॅडोचे फॉर्म भरून झाले की सही करण्याआधी डॉक्टरांनी काय लिहिलं ते मला कळवा, नाव-पत्ता झाकून. मी वाचून सांगतो.